चार्टवरचे साठ मिली

"बघा की मॅडम, काल निस्तं रक्त हुतं. आज कसं नळाचं पाणी आल्यागत."

दिनकरराव शिंत्रे बायकोच्या पलंगापाशी उकिडवे बसले होते आणि खाली टांगलेल्या ड्रेनच्या डब्याकडे बोट दाखवत होते. मी वाकून बघितलं. डबा अर्ध्याच्या वर भरला होता आणि आतलं पाणी खरंच स्वच्छ होतं, जेमतेम गुलाबी झाक असलेलं.

"छान," मी म्हणाले. "जखम आतून सुकायला लागली की असंच होतं."

तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. दिनकररावांचा चेहरा उजळला. त्यांनी बायकोच्या कपाळावर हात ठेवून तिलाही सांगितलं की मॅडम छान म्हणाल्या. शालनताईंनी डोळे न उघडताच मान हलवली आणि डोकं फार दुखतंय म्हणाल्या. पहाटे एकदा उलटीही झाली होती. भूल उतरताना असं होतं, असं सांगून मी पुढच्या खाटेकडे वळले.

ही दोन हजार आठ सालची गोष्ट. मी पंचवीस वर्षांची होते. होमिओपॅथीची पदवी घेऊन आठ महिने घरी बसल्यावर मला सांगलीतल्या एका खासगी हाडांच्या हॉस्पिटलात आरएमओची नोकरी मिळाली होती. म्हणजे मोठे डॉक्टर ऑपरेशन करणार, आणि वॉर्डात पेशंटचं जे काय बघायचं ते आम्ही बघणार. हॉस्पिटल डॉ. करोले यांचं होतं. पन्नाशीचे, कमी बोलणारे, हात विलक्षण हलका. मला ते शैलजा म्हणून हाक मारत आणि एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगत नसत.

शालनताई तासगाव डेपोत कंडक्टर होत्या. वय बेचाळीस. आठ वर्षं धक्के खात उभं राहून कंबरेतली गादी सरकली होती आणि पायाकडे जाणाऱ्या नसा दाबल्या गेल्या होत्या. पन्नास पावलं चाललं की पाय बधिर व्हायचे. नवऱ्याची पिठाची गिरणी होती, पण घर हिच्या जोरावर उभं होतं हे दोघांकडे बघूनच कळायचं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी सरांना एकच प्रश्न विचारला, परत चालत्या गाडीत उभं राहता येईल का. सर म्हणाले, दोन-अडीच महिन्यांत.

मंगळवारी सकाळी ऑपरेशन झालं. मी मदतीला उभी होते. नसांभोवती एक पातळ आवरण असतं आणि त्यात स्वच्छ पाणी असतं. तेच पाणी वर मेंदूभोवतीही असतं, सगळं एकच. दाबलेली नस मोकळी करताना त्या आवरणाला बारीकशी चीर गेली आणि पाणी झिरपायला लागलं. पाठीच्या ऑपरेशनमध्ये असं कधीकधी होतं. सरांनी शांतपणे दोन टाके घालून ती चीर बंद केली, जखमेत ड्रेनची नळी ठेवली आणि वरून शिवून घेतलं. हातमोजे काढता काढता मला म्हणाले, "हा ड्रेन दाबू नकोस. नुसता लोंबू दे. याला ओढायला लावायचं नाही."

"हो सर," मी म्हणाले.

हे त्यांनी ऑपरेशनच्या कागदावर लिहिलं नाही. बाहेर दिनकररावांना ऑपरेशन व्यवस्थित झालं एवढंच सांगितलं. चिरेचं काही बोलले नाहीत.

ड्रेनचा डबा भात्यासारखा घड्यांचा असतो. तो हातानं चपटा दाबायचा आणि बूच लावायचं, मग तो हळूहळू उघडतो आणि उघडताना जखमेतलं रक्त ओढून घेतो. मांडीचं हाड असो, खुबा असो, सगळीकडे आम्ही असंच लावायचो. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मी शालनताईंचा डबा रिकामा केला, आणि माझ्या हातांनी तो दाबला, बूच लावलं. दुसऱ्या खाटेवरच्या पेशंटचा नातेवाईक मला काहीतरी विचारत होता, मी त्याला उत्तर देत होते. दाबला हे मला आठवतसुद्धा नव्हतं. रात्रपाळीच्या सिस्टरनं दोनदा डबा रिकामा केला आणि जसा होता तसाच परत दाबून लावला. तिचं काही चुकलं नाही.

साडेनऊला लोखंडे सिस्टर मला शोधत आल्या. शिंत्रेबाई जरा वेगळ्याच वाटतायत म्हणाल्या. मी गेले. शालनताईंना दोनदा हाक मारली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. नाव विचारलं तर सांगितलं, पण फार वेळानं, आणि तोंडात पान धरून बोलावं तसं. दिनकरराव माझ्याकडे बघत होते.

मी सवयीनं खाली वाकले, ड्रेन बघायला. डबा जवळजवळ भरला होता. बूच घट्ट लावलेलं होतं. घड्यांवर माझी नजर गेली आणि सरांचं वाक्य कानात जसंच्या तसं ऐकू आलं.

रक्त नव्हतं ते. जखम सुकत नव्हती. कालपासून मी त्या बाईच्या मणक्यातलं पाणी ओढून काढत होते.

मी दिनकररावांना खालच्या मेडिकलमधून एक इंजेक्शन आणायला पाठवलं. त्या इंजेक्शनची काही गरज नव्हती. पडदा ओढला. बूच काढून डब्यात हवा भरली, पाणी बेसिनमध्ये ओतलं, वरून नळ सोडला. डबा मोकळा करून परत दांडीला अडकवला. रात्रीच्या सिस्टरनं आकडे एका चिठ्ठीवर लिहून ठेवले होते. चार्टवर उतरवायचं काम माझं होतं. चिठ्ठीतले आकडे आणि आत्ता ओतलेलं पाणी मिळून साडेनऊशे मिली होत होते. मी चार्टवर साठ लिहिलं आणि चिठ्ठी एप्रनच्या खिशात टाकली.

हे सगळं करायला मला तीन-चार मिनिटं लागली असतील. हात अजिबात थरथरले नाहीत. मग मी सरांना फोन केला.

सर लगेच आले. त्यांनी आधी पाय तपासले. पाठीच्या ऑपरेशननंतर पेशंट बिघडला की सगळ्यांच्या डोक्यात पायच येतात. शालनताईंनी दोन्ही पायांची बोटं हलवली, सरांच्या तळहातावर पाय रेटून दाखवले. ताकद चांगली होती. सरांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. मग ते वाकले आणि त्यांनी ड्रेन बघितला. मोकळा डबा, तळाशी चार थेंब. चार्ट उचलला.

"साठ," ते म्हणाले. "ठीक आहे."

दुखण्याचं इंजेक्शन जास्त झालं असावं, असं त्यांचं मत पडलं. रक्तातली साखर आणि मीठ तपासायला सांगितलं, इंजेक्शन बंद केलं. दोन तासांनी परत बघू म्हणाले आणि ओटीकडे, ऑपरेशनच्या खोलीकडे गेले, कारण तिथे मांडीचं हाड मोडलेले एक आजोबा भुलीची वाट बघत टेबलावर होते.

दहा वाजायला पाच मिनिटं कमी होती.

दिनकरराव इंजेक्शन घेऊन आले. मी ते हातात घेतलं आणि ट्रेमध्ये ठेवून दिलं. त्यांनी विचारलं, झोपू द्यायचं ना तिला, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. मी हो म्हणाले. त्यांनी चादर तिच्या गळ्यापर्यंत ओढली.

मी तिथून हलले नाही. मला वाटत होतं की आता ओढणं बंद झालंय, म्हणजे हळूहळू सगळं जागेवर येईल. दुपारपर्यंत त्या उठून बसतील, चहा मागतील, आणि हे कुणाला कधीच कळणार नाही. मी मनातल्या मनात हात जोडले होते. नोकरी जाईल, सर्टिफिकेट जाईल, जतला घरी वडिलांना काय सांगायचं, हेच सगळं डोक्यात फिरत होतं. त्या पलंगावरच्या बाईपेक्षा जास्त मी स्वतःचा विचार करत होते, हे आज सोळा वर्षांनी सरळ लिहिता येतं. तेव्हा मला ती त्यांचीच काळजी वाटत होती.

मी शालनताईंच्या डोळ्यांसमोर बोट धरलं आणि त्याला हात लावा म्हटलं. त्यांचा हात उचलला गेला, डुगडुगला आणि माझ्या बोटापासून वीतभर लांब पलंगाच्या दांडीवर आपटला. परत करायला लावलं, परत तेच. बुबुळं एका बाजूला सरकत आणि झटक्यानं परत येत होती.

"मॅडम," त्या म्हणाल्या. शब्द ओळखू येत नव्हते इतके जड. "गाडी वळतीय का?"

"नाही ताई. तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात."

"लई वळतीय."

वीस मिनिटांनी त्यांना झोपल्या झोपल्याच उलटी झाली. त्या जाग्या झाल्या नाहीत. लोखंडे सिस्टरनी मान वळवून तोंड साफ केलं. दिनकरराव टॉवेल हातात धरून उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्यांनी मला काही विचारलं नाही. मी तिथून निघाले.

सर ओटीबाहेरच्या नळावर हात धूत होते. कोपरापर्यंत साबण. भूलतज्ज्ञ दारात उभे होते, आत ओटीची दोन माणसं दिसत होती.

"सर, शिंत्रेबाईंचा ड्रेन."

"हं."

"तो मी काल दाबून लावला होता. तुम्ही सांगितलं होतं, तरी."

त्यांचे हात थांबले. नळ चालूच होता.

"किती आलं?"

"साडेनऊशे."

"चार्टवर साठ आहे."

"खोटं लिहिलंय. तुम्ही यायच्या आधी मी ओतून टाकलं."

मी चिठ्ठी पुढे केली. त्यांचे हात ओले होते, त्यांनी ती घेतली नाही, नुसती वाचली. मला वाटलं आता ते मला सगळ्यांसमोर हाकलून देतील, आणि तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी धुतलेले हात खाली सोडले. ऑपरेशनच्या आधी धुतलेले हात सर्जन कधी खाली सोडत नाही.

"ती आत्ता कशी आहे? लवकर सांग."

मी बोट चुकलेलं सांगितलं, डोळे सांगितले, उलटी सांगितली. भूलतज्ज्ञांना ते म्हणाले, आजोबांची केस रद्द, त्यांना परत खोलीत न्या. मग मला म्हणाले, "अँब्युलन्स बोलव. डोक्याचा स्कॅन. ड्रेनला गाठ मार. आणि तिचं डोकं उचलू नका, सपाट ठेवा."

"डोक्याचा?" भूलतज्ज्ञांनी विचारलं.

"डोक्याचा," सर म्हणाले.

आमच्याकडे सिटी स्कॅनचं मशीन नव्हतं. सेंटर मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. अँब्युलन्समध्ये मागे मी आणि सर बसलो, पुढे ड्रायव्हरशेजारी दिनकरराव. मी शालनताईंचा जबडा दोन्ही हातांनी वर धरून ठेवला होता, जीभ मागे पडू नये म्हणून. सर दर दोन मिनिटांनी त्यांना मोठ्यानं हाक मारत होते. पहिल्यांदा त्यांनी हुंकार दिला. नंतर कपाळाला आठी घातली. बाजारापाशी उसाची एक ट्रॉली आडवी आली आणि आम्ही थांबलो तेव्हा हाकेला काहीच आलं नाही. पुढच्या काचेतून दिनकरराव मागे वळून बघत होते. सरांनी बोटानं तिच्या भुवईवर जोरात दाबलं, तेव्हा तिचा हात हलला. तो हात हललेला बघून सरांनी श्वास सोडला.

स्कॅन बघणाऱ्या डॉक्टरनी कागद दोनदा वाचला. पाठीचं ऑपरेशन झालेल्या बाईच्या डोक्याचा स्कॅन का, हे त्यांना कळेना. मग पडद्यावर चित्रं यायला लागली आणि ते बोलायचे थांबले. मेंदूच्या मागच्या खालच्या भागात, जिथून आपला तोल सांभाळला जातो त्या लहान मेंदूत, दोन्ही बाजूंना रक्त साकळलं होतं. त्याच्या दाबानं वरचं पाणी तुंबून मेंदू फुगत चालला होता.

"ऑपरेशन कंबरेचं ना?" त्यांनी परत विचारलं.

"कंबरेचंच," सर म्हणाले. त्यांनी फोन आधीच कानाला लावला होता. मिरजेत मेंदूच्या एका सर्जनशी बोलत होते. फोनवर त्यांनी काहीही लपवलं नाही. चीर, टाके, दाबलेला ड्रेन, साडेनऊशे, सगळं एका दमात सांगितलं. त्या डॉक्टरनी पलीकडून सांगितलं ते सरांनी मला नंतर समजावून दिलं. खालून पाणी ओढलं गेलं की वर मेंदू किंचित खाली बसतो, मागच्या शिरा ताणल्या जातात आणि फुटतात. फार क्वचित घडतं. त्यांच्या वीस वर्षांत त्यांनी असे दोनच पेशंट बघितले होते. स्कॅन दुपारनंतर केला असता तर उपयोग नव्हता, असंही ते म्हणाले होते.

साडेबाराला शालनताई मिरजेच्या ऑपरेशन थिएटरात होत्या. कवटीला बारीक भोक पाडून तुंबलेलं पाणी बाहेर काढायचं, आणि गरज पडली तर मागून हाड काढायचं, असं ठरलं होतं. बाहेर एक लांब बाक होता. तिथे आम्ही तिघं बसलो. खरं तर दिनकरराव बसले, सर उभे राहिले, मी भिंतीला टेकले.

बऱ्याच वेळानं दिनकररावांनी विचारलं, "डॉक्टर, कंबर दुखती म्हणून आणली हुती. डोक्यात रक्त कसं झालं?"

सर त्यांच्याशेजारी बाकावर बसले. त्यांनी सगळं सांगितलं, साध्या भाषेत. "ऑपरेशन करताना आवरणाला चीर गेली, ती माझ्या हातून. कालच तुम्हाला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. मग त्या चिरेतून पाणी जास्त ओढलं गेलं."

"त्या डब्यातनं?"

"हो."

"मग तो लावला का?"

मी भिंतीपासून सुटून सरळ उभी राहिले. माझं नाव आता येणार होतं.

"ड्रेन दाबायचा नाही, हे मी लिहून ठेवायला हवं होतं," सर म्हणाले. "मी लिहिलं नाही. चूक माझी आहे."

एवढंच बोलून ते थांबले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला बोलायला भरपूर जागा होती. दिनकरराव समोर होते, पाच फुटांवर. मी तोंड उघडलं नाही. ओटीबाहेर जे मी सरांना सांगू शकले, ते ज्याची बायको आत होती त्याला सांगू शकले नाही. आणि खरं सांगायचं तर सरांनी मला वाचवलं म्हणून त्या क्षणी मला हायसं वाटलं.

दिनकरराव उठले. त्यांनी सरांच्या शर्टाची छाती मुठीत धरली. मारलं नाही. नुसते धरून उभे राहिले, आणि सरही तसेच उभे राहिले, जोवर त्यांनी सोडलं नाही तोवर.

शालनताई वाचल्या. भोक पाडल्यावर दाब उतरला, हाड काढावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले, पाचव्या दिवशी नवऱ्याला ओळखलं, अठराव्या दिवशी घरी गेल्या. पाठ बरी झाली होती. पण तोल गेला होता. पाय फाकवून, जमिनीचा अंदाज घेत चालायच्या. बोलणं जरा तुटक झालं होतं.

त्या दिवशी मिरजेहून परत आल्यावर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चार्ट समोर ठेवला. खाडाखोड करायची नाही, म्हणाले. साठवर एक रेघ मारायची, बाजूला खरा आकडा लिहायचा, सही करायची, आजची तारीख-वेळ टाकायची. मी केलं. खाली त्यांनी 'ड्रेन दाबू नकोस' ही सूचना तोंडी दिल्याचं आणि न लिहिल्याचं स्वतःच्या हातानं लिहिलं. मी राजीनामा देते म्हणाले. ते म्हणाले, "देऊन काय होणार? उद्या आठला वॉर्डात हजर राहा." त्यानंतर त्या विषयावर आमचं कधी बोलणं झालं नाही. पण त्यांनी पाठीची ऑपरेशनं घेणं बंद केलं. तासगाव भागातले पेशंटही कमी झाले. दिनकररावांचे भाऊ दोनदा येऊन ओपीडीत आरडाओरडा करून गेले. करोलेनं माझ्या बायकोचं डोकं फोडलं, असं दिनकरराव गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, हे तिकडून येणारा जो तो आम्हाला ऐकवायचा. सर ऐकून घ्यायचे. मीही ऐकून घ्यायचे.

चार महिन्यांनी, डिसेंबरात, एक दिवस दुपारी मी वॉर्डातून खाली येत होते आणि जिन्यात शालनताई भेटल्या. एकट्याच. एका हातानं कठडा धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर येत होत्या. पाठ दाखवायला आल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं आणि हसल्या.

"मॅडम, तुम्ही माझा जबडा धरला हुता म्हणं गाडीत. ह्यांनी सांगितलं."

मी त्यांचा दंड धरला. डेपोत खिडकीवर पासाचं काम मिळालंय म्हणाल्या. गाडीत आता उभं राहता येत नाही, उभी गाडीसुद्धा फिरती वाटते. हे सगळं त्या एखाद्या तिसऱ्याच बाईबद्दल सांगावं तसं सांगत होत्या. मी विचारलं, दिनकरराव आले नाहीत का. खाली रस्त्यावर उभे आहेत, ह्या दवाखान्याची पायरी चढणार नाही म्हणतात, त्या म्हणाल्या.

मग मी तिथेच सांगितलं. कुठून धाडस आलं माहीत नाही. कदाचित त्यांचा दंड माझ्या हातात होता म्हणून असेल. डबा मी दाबला, सरांनी नको म्हणून सांगितलं असताना. पाणी मी ओतून टाकलं. आकडा मी खोटा लिहिला. सरांना ते माहीत नव्हतं म्हणून ते निघून गेले, नाहीतर तेव्हाच स्कॅन झाला असता.

शालनताईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या कठड्याला टेकून उभ्या होत्या आणि खालच्या पायरीकडे बघत होत्या.

"सरांना कधी सांगितलं?"

"पंचवीस-तीस मिनिटांनी."

"तेवढा येळ माझ्यापाशी उभी हुतीस?"

"हो."

"बोटाला हात लावा म्हणलेलं मला आठवतंय," त्या म्हणाल्या. वरून कुणीतरी उतरत आलं, आम्हाला वळसा घालून गेलं. मी वाट बघत होते, शिवी देतील, हात उगारतील. त्यांनी माझ्या हातातून दंड सोडवून घेतला.

"आमचे मालक चार महिने त्या डॉक्टरला गावभर शिव्या घालतायत," त्या म्हणाल्या. "आणि तू ऐकतीयास."

त्या जिना उतरायला वळल्या.

"चल खाली."

"ताई, मी..."

"त्यांच्यापुढं सांग. मला सांगून काय उपयोग? मी कुणाला शिव्या घालत नाही." त्यांनी कठड्यावरचा हात तसाच ठेवला आणि दुसरा माझ्या खांद्यावर टाकला. सगळा भार टाकला. "हळू. उतरताना मला येळ लागतो."

आम्ही उतरलो. त्यांच्या पायाला पायरी सापडेपर्यंत मी प्रत्येक पायरीवर थांबत होते. खाली दारासमोर, रस्त्याच्या पलीकडे, दिनकरराव पिशवी घेऊन उभे होते. बायको परत आलेली बघून घाईनं रस्ता ओलांडून आले, पण फाटकाच्या आत आले नाहीत. मी फाटकात उभी राहून त्यांना सांगितलं, जसं वर सांगितलं होतं तसंच. मध्येच आवाज गेला, तेव्हा शालनताई म्हणाल्या, "सगळं सांग." मी सगळं सांगितलं.

दिनकररावांनी पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, आता. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. दवाखान्याच्या दाराकडे बघत होते.

"त्यांनी सोताचं नाव का घेतलं मग?" ते म्हणाले.

"ते त्यांनाच विचारा," शालनताई म्हणाल्या.

"एसटी चुकंल."

"चुकू दे."

दिनकररावांनी पिशवी उचलली. मग त्यांनी फाटक ढकललं, माझ्या बाजूनं आत गेले आणि जिना चढायला लागले. चपलांचा आवाज वरपर्यंत ऐकू येत होता. शालनताई फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसल्या. मी उभीच राहिले. त्यांनी मला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

अर्ध्या तासानं दिनकरराव खाली आले तेव्हा त्यांच्याबरोबर सर होते. सरांनी वाकून शालनताईंची पाठ तिथेच कट्ट्यावर, उन्हात तपासली, चालून दाखवायला सांगितलं. दिनकरराव एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला, पडल्या तर धरायला. त्या फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. सर म्हणाले, पुढच्या महिन्यात परत या.

"येऊ," दिनकरराव म्हणाले.